चादरीखालचा खडक

१२ जून
"बर्फाखाली ते मरत नाही ग, कळी धरून बसतं." नोटबुर्गा आत्याचं वाक्य. मी शाळकरी पोर, दोघी हिमनदीच्या काठच्या खडकावर पालथ्या पडून फुलं बघत होतो.

आज रोमेडच्या माणसांनी हिमनदीवर पांढरी चादर अंथरली. उन्हाळ्यात बर्फ टिकावं म्हणून. स्कीची उतरण रुंद केल्यापासून चादर त्या खडकावरही येते. दोन उन्हाळे फुलांनी अंधारात काढले. हा तिसरा. चौथ्यापर्यंत कळीत जीव राहील असं वाटत नाही.

जेवताना विचारलं, "तेवढा खडक सोडता आला नसता?"

"फुलांवरून कुणी स्की करत नाही, वाल्ली!" — आमचे यजमान, रोमेड.

३० जून
वादळ. रोमेड खिडकीतून हललाच नाही.

२ जुलै
चादर बऱ्याच ठिकाणी फाटली आहे. मोठ्या फाटी आधी शिवणार. खडकावरची सगळ्यात शेवटी.

१६ जुलै
माणसांसाठी सूप घेऊन वर गेले. म्हातारा विन्झेन्झ डबा हलवून म्हणतो, "वहिनी, पावाचे गोळे घातलेत, की मोजून एक पोहायला सोडलाय?" सगळे खिदळले. मी तेवढ्यात खडकाकडे सटकले.

फाटीतलं बर्फ गेलं होतं. आणि फुलं!

किती! ओल्या खड्यांतून वर आलेली, बोटभर उंचीची, जाड पानांची. पाच पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळाधमक गाभा. वाऱ्याने माझे दात वाजत होते आणि एका फुलात एक माशी निवांत ऊन खात बसली होती. दोन वर्षं अंधार, वर ते बर्फाचं ओझं — आणि उजेड मिळताच एवढी घाई! हात लावायचा धीर झाला नाही. गुडघे भिजले तेव्हा कळलं, मी बसलेय.

२१ जुलै
पाकळ्या गुलाबी व्हायला लागल्या. म्हणजे बी धरलं. आता ते पिकून खाली पडेपर्यंत ऊन हवं.

रोमेडला सांगितलं. तो बूट काढता काढता थांबला. "फाटीतून ऊन शिरतं, पाणी शिरतं, कडेचं बर्फ पोखरतं. उतरण गेली तर हिवाळ्यात काय शिजवशील? फुलं?"

खोटं नाही बोलत. बर्फाच्या उजेडाने त्याचं नाक सोललंय, ओठ फाटलेत. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा तो त्या हिमनदीपाशी बसतो. त्याच्यावर रागावताही येत नाही.

२२ जुलै
फाटी शिवणाऱ्या विन्झेन्झची पाठ धरली. रोमेड चहा ढवळत म्हणाला, "खडकावरची फाट उद्या तूच शीव. तुझा हात सरळ आहे."

मी हो म्हटलं.

वर गेल्यावर शिवणयंत्र हातात घेईन. आणि ते सुरू करायच्या आधी रोमेडकडे कात्री मागेन — खडकापुरती चादर कापून काढायला.

तो देणार नाही.