तांबूची वाट

अंधेरी, रविवार

तीर्थरूप बाबांना सुलक्षणाचा साष्टांग नमस्कार.

माझी नोकरी टिकली, हे आधी सांगते.

कॉम्प्युटरच्या खेळांसाठी मी डोंगर करते, हे तुम्हाला ठाऊक आहे. एकेक डोंगर हाताने रचत नाही. मी नियम लिहून देते आणि दर खेळाला नवा डोंगर आपोआप उभा राहतो. या वेळी डोंगर देखणे झाले, पण त्यांवर कुणाला चढताच येईना. आमची प्रमुख ऋतिका म्हणाली, "यार, दिसतात झकास, पण चढणार कोण? शुक्रवारपर्यंत बघ, नाहीतर हे काम बंद."

तेव्हा आपली तांबू गाय आठवली. तिच्यामागे मी सरळ चढायला गेले की तुम्ही ओरडायचात, "ढोरां बघ गो, कशी आडवी चढतत!"

तोच नियम लिहिला. चढ वाढला की वाटेने आडवं वळायचं. शुक्रवारी शंभर डोंगर उभे केले आणि शंभरच्या शंभर चढता आले! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. युक्ती बाबांची, हे मी सांगितलं, पण टाळ्या थांबल्यावर. ते अजून टोचतंय. खेळाच्या नामावलीत आता तुमचंही नाव येणार आहे.

गुडघा दाखवलात, की आईला नुसतंच "जाईन" म्हणालात? गोठा रिकामा झाल्यापासून तुम्ही डोंगरावर जात नाही, असं ती म्हणाली. तिथली वाट बुजली असेल. माझ्या शंभर डोंगरांवर ती उघडी आहे. मे महिन्यात आले की तुम्हाला बसल्या जागी माथ्यावर नेते.

आईला नमस्कार.

तुमची,
सुलक्षणा