झऱ्यावरची तीन माणसं

टाकवे, ता. ४ एप्रिल १९३६
आजपासून आणखी दोन गावांचं दूध सुरू. एकूण सात गावं झाली. लोणावळ्यात सीझन भरलाय, मुंबईकर बंगल्यांत उतरलेत, आणि क्षयाच्या दवाखान्यानं रोजचे डबे दुप्पट मागितलेत. डॉ. म्हणाले, "निम्मे पेशंट दुधावरच आहेत. चुकून चालणार नाही." मी छाती फुगवून हो म्हणालो. छाती फुगवायला काय लागतं!
डबे वाहायला माणसं कमी पडतात. कामशेत स्टे.वर गाडीच्या आधी पोचायचं म्हणजे रोजची शर्यत.

६ एप्रिल
दुपारी झऱ्यावर गेलो. धर्मा ठाकर, त्याची बायको पारी आणि त्याची आई, तिघंही जांभळीखाली आरामात बसलेली. डबे राखेनं घासून, कढत पाण्यानं धुऊन उन्हात पालथे घातलेले. संध्याकाळचं दूध आलं की डबे गळ्यापर्यंत गार पाण्यात ठेवायचे. सकाळी प्रत्येक डब्यातलं पळीभर दूध निखाऱ्यावर धरायचं, फाटलं तर डबा ज्याचा त्याला परत. झालं यांचं काम. मी इकडं स्टेशन, बंगले, गोठे करत पायांचे तुकडे पाडतोय आणि ही मंडळी सावलीत! डोकं तापलं.
"धर्मा, उद्यापासून तू डबे वाहायचे. पारीनं लोणावळ्यात बंगल्यांवर दूध घालायचं."
"आन् डबं कोन बगंल, भाऊ?"
"ज्याला सवड होईल तो बघेल."
त्यानं मान हलवली. हो म्हणाला की नाही, कळलं नाही. मीही विचारलं नाही.

१० एप्रिल
झकास चाललंय. धर्मा दोन माणसांचं ओझं एकटा नेतो. पारीनं आज तीन नवे बंगले मिळवले. हे आधी का सुचलं नाही? सौ. म्हणाली, "झऱ्यावर म्हातारी एकटीच असते का हो?" म्हटलं, तू भाकरीचं बघ.

१५ एप्रिल
दोन बंगल्यांवर दूध नासलं. गरम वाऱ्याचे दिवस, व्हायचंच. एका पारशी बाईंनी पातेलं माझ्या नाकाखाली धरलं. माफी मागून आलो.
डब्यांचा वास मात्र घेऊन बघितला नाही.

१९ एप्रिल
दवाखान्यात चार डब्यांतलं दूध फाटलं. तिथला स्वयंपाकी घाईत, त्यानं वरवर बघून त्यातलं थोडं आधीच वाढलं होतं. एका पेशंट बाईला रात्रभर उलट्या. अंगात ताकद नाही तिच्या. डॉ. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "आणखी एकदा असं झालं, की तुमचं दूध बंद." मी त्या बाईच्या खोलीपर्यंत गेलो आणि दारातूनच परतलो. तोंड दाखवायची लाज वाटली.
घरी येऊन सगळ्यांना विचारलं, काल डबे कुणी धुतले? डबे वाहणारा गडी म्हणाला धर्मानं. धर्मा म्हणाला, मी स्टेशनात. पारी लोणावळ्यात. म्हातारीला मोठे डबे उचलवत नाहीत, तिनं नुसते विसळले. बारभाईची शेती, काय लागेल हाती. आणि ही बारभाई मीच नेमलेली.
एका डब्याच्या गळ्याच्या आत नख घातलं. परवाची साय निघाली, पिवळी, खरवडावी लागेल इतकी.

२० एप्रिल
धर्मा कामावर आला नाही. पारीही नाही. म्हातारी काल डबा ओढताना पडली, कंबर धरली. तिघंही वर डोंगरात त्यांच्या वाडीला गेली. डबे मी आणि सौ.नं धुतले. एकवीस डबे. दुपारी माझा हात वर होईना. हे "बसून खाणं" रोज चालत होतं तर!

२३ एप्रिल
वाडीवर चढून गेलो. धर्मा कुडाला शेण लावत होता. थांबला नाही. मीच बोललो, "चुकलं माझं."
"तुमाला आमी बसल्यालं दिसत हुतो," तो म्हणाला. "डबं सुकाया बसावं लागतं, भाऊ. वल्या डब्यात दूध घातलं की गेलंच."
परत ये म्हणालो. त्यानं म्हातारीकडं बघितलं. मग एकेक सांगितलं. झऱ्यावर तिघंच राहणार: तो, पारी आणि म्हातारीच्या जागी त्याचा भाऊ. दुसरं काम कुणी सांगायचं नाही, मीसुद्धा. आणि फाटल्या दुधाचा डबा परत म्हणजे परत.
"कुनाचाबी असंल. व्हय म्हना, न्हाई तर हितनंच राम राम."
व्हय म्हणालो. या खेपेला छाती फुगली नव्हती.

२७ एप्रिल
तीन दिवस एक थेंब नासला नाही. वाहायला दोन नवे गडी घेतले. डॉ. काही म्हणाले नाहीत, हीच शाबासकी. दवाखान्यातल्या त्या बाई उठून बसतात म्हणे.
संध्याकाळी सासरे, आबा, येऊन गेले. आमच्याकडं सगळ्यात जास्त दूध त्यांचं. आज सकाळी धर्मानं त्यांचे दोन डबे परत पाठवले. शिळं आणि ताजं एकत्र केलेलं होतं, निखाऱ्यावर धरताच फाटलं. आबा ओट्यावर बसलेच नाहीत. "ठाकरानं आमच्या दुधाची पारख करायची? आन् झरा कुनाच्या रानात हाय, ठावं हाय न्हवं?"
झरा त्यांच्याच रानातला. जवळपास तेवढं गार पाणी दुसरं नाही. सौ. दाराआड उभी. तिनं माझ्या पानात भात वाढला आणि स्वतः जेवली नाही.

२८ एप्रिल
सकाळी आबा स्वतः डबे घेऊन झऱ्यावर आले. धर्मानं पळी धरली. फाटलं. सगळे माझ्याकडं बघू लागले, धर्मा सोडून. तो पुढच्या डब्याचं झाकण काढत होता.
म्हणालो, "आबा, घरी न्या."
त्यांनी डबा तिथंच ओतला आणि गेले. दुपारी निरोप आला: आजपासून झऱ्यावर पाय ठेवायचा नाही. सौ. माहेरी गेली आहे, वडिलांना समजवायला की राहायला, सांगून गेली नाही. मीही विचारलं नाही. भीती वाटली.
दिवस कलताना धर्मा आला.
"भाऊ, सांच्या दुधाचं डबं कुटं ठिवायचं?"
मी घरातले रांजण मोजून आलो, पुरणार नाहीत. तो गेला नाही. पारी आणि त्याचा भाऊ रिकामे डबे घेऊन अंगणात उभे आहेत, आणि वाटेवर पहिलं दूध दिसू लागलंय.