न्हाणीतलं शेवाळ

बोळिंज, ता. वसई
८ जानेवारी २००२

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू भलतंच ऐकतोस, म्हणून पत्र. बातमीही पत्रात शोभेल अशीच आहे. बत्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासून निवृत्त झालेल्या तुझ्या बहिणीला सरकारने तुरुंग तपासायला नेमलंय! अशासकीय अभ्यागत, असं भारदस्त नाव आहे. महिन्यातून एकदा पुरुषांच्या कारागृहात जायचं, जेवण, पाणी, औषधं बघायची, कैद्यांशी बोलायचं आणि तिथल्या शेरेवहीत लिहायचं. कुठलं कारागृह ते लिहीत नाही. सरकारी गोष्ट पत्रात लिहू नये हा तुझाच नियम. तीस वर्षं तुरुंगाधिकारी होतास, दर दिवाळीला ओट्यावर बसून आम्हाला किस्से सांगून हसवायचास. न्हाणीत वाकून शेवाळ शोधणाऱ्या त्या वकिलाची नक्कल आठवली की मला अजून हसू येतं. आता किस्से सांगायची पाळी माझी.

काल पहिली भेट झाली. अधीक्षक फार आदबशीर. चहा दिला, तुळशीची रोपं दाखवली, वरण चाखायला लावलं. वरण चांगलं होतं. बराक साठ माणसांची आणि आत एकशे चौसष्ट. पण पाण्याची पिंपं काठोकाठ भरलेली. मी वर्गात विचारते तसं मोठ्याने विचारलं, कुणाची काही तक्रार? सगळे मुके. मग मागून एक जण उठला. जयवंत त्याचं नाव, नायगावकडच्या मिठागरातला, चाळिशीचा. बांधावरच्या मारामारीत पकडलेला, दीड वर्ष झालं तरी खटला उभा राहिलेला नाही. त्याने अधीक्षकांदेखत सांगितलं की पानी दिवसाला एकच तास येतं, पिंपं आज बाई येणार म्हणून भरलीत.

दादा, मला इतका आनंद झाला! खरं बोलणाऱ्या मुलाचं नाव मी नेहमी फळ्यावर लिहायचे, तुला ठाऊक आहे. शेरेवहीत मी त्याचं पूर्ण नाव आणि नंबर लिहिला, याने निर्भीडपणे सत्य सांगितले, अभिनंदन, असा शेराही दिला. अक्षर अगदी छापील आलंय.

सुकेळी वाळत घातली आहेत, राजेळी केळी यंदा उत्तम निघाली. वहिनीला नमस्कार, तुझ्या नातीला, अक्षदाला, पापा. लोभ आहेच, तो सुकेळ्यांइतका टिकवून ठेव.

तुझी,
प्रेमा

~

नाशिक
१६ जानेवारी २००२

चि. प्रेमास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. त्या अधीक्षकाची मला दयाच आली. बिचाऱ्याला आता ऱ्हस्व-दीर्घही सांभाळावे लागणार. इकडे थंडी मी म्हणते आहे. द्राक्षवाल्यांचे चेहरे उतरलेत. अक्षदाला सर्दी झाली आहे आणि तरी ती आइस्क्रीम मागते, म्हणजे थेट तुझ्यावर गेली आहे.

हे इतके लिहून मी तुझे पत्र पुन्हा वाचले. प्रेमा, तू त्याचे नाव लिहिलेस? नंबरासकट?

पुढच्या महिन्याची वाट पाहू नकोस. हे पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी जा. आगाऊ कळवू नकोस, चहा घेऊ नकोस. आधी त्या माणसाला समोर बोलावून घे आणि त्याला चालायला सांग. कारण आत्ता विचारू नकोस.

वहिनीचे आशीर्वाद. प्रकृती सांभाळ आणि माझ्यावर लोभ ठेव.

दादा

~

बोळिंज
२३ जानेवारी २००२

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आज अक्षर छापील येणार नाही, समजून घे.

तुझं पत्र परवा आलं आणि काल मी गेले. दीड तास दारात बसवून ठेवलं. आत गेले तर सगळे रांगेत उभे, आणि मी विचारायच्या आधीच एकासुरात म्हणाले की काही तक्रार नाही. जयवंत त्यांच्यात नव्हता. तुरुंगाच्या दवाखान्यात आहे म्हणाले. न्हाणीत पाय घसरून पडला म्हणे. ज्या न्हाणीत तासाच्या वर पाणी येत नाही, तिथे माणूस पाय घसरून पडतो!

त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं प्लास्टरमध्ये आहेत. चालायला सांगितलं तर तळवे टेकवेनात. मी विचारलं, काय झालं? त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं की पानी भरपूर आहे बाई, कायबी तरास नाही. मी पाण्याबद्दल विचारलंच नव्हतं. त्याची बायको दर मंगळवारी नायगावहून भेटीला येते, तिला दोन मंगळवार दारातूनच परत पाठवलंय, हे मला बाहेर एका बाईने सांगितलं.

मग शेरेवही मागून घेतली. माझ्या छापील अक्षरातल्या त्याच्या नावाखाली कुणीतरी तांबड्या शाईने रेघ ओढली होती. चुकलेल्या शब्दाखाली मी ओढते तशी, सरळ.

मी हट्टाने न्हाणीघर बघायला गेले. वाकले, फरशीला बोट लावून पाहिलं. फरशी खडखडीत कोरडी, शेवाळाचा मागमूस नाही. मागे दोन शिपाई उभे होते, ते एकमेकांकडे बघून हसले. आणि तिथेच वाकलेली असताना मला तुझा तो वकील आठवला.

दादा, तो किस्सा खरा होता का? इतकी वर्षं आम्ही त्या वकिलाला हसलो, पण तो न्हाणीत शोधत काय होता हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. तुला नाशकात बसून इथलं कसं कळलं? मला खरं लिही. तोवर सुकेळी पाठवणार नाही आणि लोभाचंही मागाहून बघू.

प्रेमा

~

नाशिक
१ फेब्रुवारी २००२

चि. प्रेमास,
आशीर्वाद. घ्यावेसे वाटले तर घे.

किस्सा खरा होता. १९७९ साल, देशावरचा एक तुरुंग. तो वकील तुझ्यासारखाच अभ्यागत होता, भला माणूस. कृष्णा नावाच्या कैद्याने त्याला सांगितले की आजारी माणसांचे दूध बाहेर जाते. वकिलाने ते नावासकट वहीत लिहिले. त्या नावाखाली तांबडी रेघ मी ओढली. मी कैद्याला हात लावला नाही, हे मी स्वतःला पुष्कळ वर्षे सांगत आलो आहे. शिपायांना एवढेच म्हणालो की याला जरा समजावून सांगा. तुरुंगात याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

न्हाणीत पाय घसरून पडला, असे मी स्वतःच्या हाताने लिहिले. पुढल्या महिन्यात वकील आला आणि धोतर सावरून फरशीवर शेवाळ शोधू लागला. त्या दिवाळीत मी ओट्यावर त्याची नक्कल केली. तू इतकी हसलीस की नव्या लुगड्यावर चहा सांडला. कृष्णा पुढे लंगडत चालायचा. तो भाग मी किश्श्यात घातला नव्हता.

आता कामाचे लिहितो. एका नावाखाली रेघ ओढता येते. दीडशे नावांखाली ओढता येत नाही. यापुढे एकट्याचे नाव लिहू नकोस, लिहायचे तर सगळ्यांचे लिही. एकेकाला वेगळे बोलाव, शिपाई ऐकणार नाही इतक्या लांब. तक्रार असो वा नसो, प्रत्येकाला सारखाच वेळ दे, म्हणजे कोण बोलले ते कुणाला कळणार नाही. आणि त्या जयवंताला बाहेरच्या डॉक्टरकडून तपासून घे, जखमा भरायच्या आत.

हे पत्र जिल्हा न्यायाधीशांना दाखव, तुम्हा अभ्यागतांचे शेरे शेवटी त्यांच्याकडेच जातात. तिथला कोणी म्हणेल की असे कुठे घडतच नाही, तेव्हा हे उपयोगी पडेल. माझे नाव खोडू नकोस. पेन्शन जाईल अशी तुझ्या वहिनीला धास्ती आहे. मला धास्ती वाटते ती अक्षदा मोठी होऊन हे वाचेल त्याची.

लोभ ठेव असे लिहायचा हक्क मला उरलेला नाही.

विद्याधर

~

बोळिंज
२७ फेब्रुवारी २००२

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून तीन दिवस मी ओट्यावर बसू शकले नाही. मागच्या दाराने ये-जा केली. राग तुझा आला, आणि त्याहून त्या लुगड्याचा आला. ते अजून कपाटात होतं. काढून पाहिलं, चहाचा डाग गेलेला नाही.

चौथ्या दिवशी न्यायाधीशांकडे गेले. त्यांनी तुझं पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढून ठेवला. मग माझ्यासमोरच लेखी हुकूम दिला, जयवंताला हलवायचा आणि मला प्रत्येक कैद्याशी एकट्याने बोलू द्यायचा. दुसऱ्या दिवशी जयवंताला सरकारी इस्पितळात हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलंय की या जखमा पडून झालेल्या नाहीत. चौकशी लागली आहे, पुढे काय होईल देव जाणे. त्याची बायको आता रोज त्याच्याजवळ बसते. दोन बोटं मात्र कधी वळणार नाहीत. मिठागरात फळीने मीठ ओढणाऱ्या माणसाची, दादा, उजव्या हाताची दोन बोटं.

मी त्याची माफी मागितली. म्हटलं, माझ्या शहाणपणाने हे झालं. त्यावर तो जे बोलला ते ऐकून मला रडू आवरेना. तो म्हणाला की बाईंनी वहीत नाव लिवलं तवा बरं वाटलं होतं, दीड वरसात कुनी नावानं हाक मारली नव्हती.

त्यानंतर तुरुंगात मी तू सांगितलंस तसंच केलं. आवारात कडुनिंबाखाली टेबल मांडलं आणि शाळेतला जुना हजेरीपट घेऊन बसले. शिपाई पन्नास पावलांवर. अधीक्षकांनी कुरकुर केली, मी हुकूम पुढे केला. एकेकाला नावाने बोलावलं, प्रत्येकाला घड्याळ लावून पाच मिनिटं. काही जण पाच मिनिटं नुसते गप्प बसून गेले, तरी मी पाच मिनिटं भरू दिली. तीन दिवस लागले. काय ऐकलं ते इथे लिहीत नाही, लिहवतही नाही. न्यायाधीशांना दिलेल्या यादीत नावं सगळी आहेत, पण कोण काय बोललं ते कुठेही नाही. बराकीत आता पाणी दोन वेळा येतं. महिन्याने जाऊन बघीन तेव्हा खरं.

बराकीतले एकशे त्रेसष्ट, आणि इस्पितळातला जयवंत धरून एकशे चौसष्ट. हजेरीपटात एकशे पासष्टावं नाव मी तुझं लिहिलं. तूच खोडू नकोस म्हणालास. पुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, तांबडी रेघ यांनी ओढली होती.

एकशे सहासष्टावं नाव माझं आहे. शेरा, ही हसली होती.

सुकेळी पाठवते आहे. लोभाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही, पण तोवर तू पत्र लिहीत राहा.

तुझी,
प्रेमा