फक्त ज्ञातिभगिनींसाठी

साखळी, ३ मार्च १९८८

पणजीहून हात हलवत परतलो! आयकराचे साहेब म्हणतात, तुमचं प्रसूतिगृह एकाच ज्ञातीचं, करमाफी मिळणार नाही. ट्रस्टच्या दस्तातल्या चौथ्या कलमावर बोट ठेवलं — ‘फक्त ज्ञातिभगिनींसाठी’. हे काढा, सूट घ्या. सूट नाही, तर देणग्या करातच जाणार आणि वर्षभरात कुलूप.

पण ते कलम अण्णांनी, माझ्या वडिलांनी लिहिलंय! चौसष्ट साली ते ज्ञातीत दारोदार फिरले, तेव्हा ही जागा उभी राहिली. त्यांचं एक अक्षरही मी खोडू देणार नाही.

५ मार्च

शालिनीशी वाजलं. सून असली तरी तिथली डॉक्टर तीच. ‘बाबा, कलम सांभाळा आणि दवाखाना घालवा!’ घालवणार नाही. वकील करीन, पणजीला खेटे घालीन. तेराला विश्वस्तांची बैठक आहे. सगळी रजिस्टरं पुढे ठेवतो — चोवीस वर्षं नियम पाळला, आताच का मोडायचा?

७ मार्च

रजिस्टरं घरी आणली. पार्वतीबाई, आमची पहिल्या दिवसापासूनची नर्स, देता देईना.

८ मार्च

हौसा भैरू, जिल्हा कोल्हापूर. ज्ञाती — ‘आमचीच’! गवंडीकामाला आलेल्या भैरूची बायको आमच्या ज्ञातीत कधी आली? पान उलटलं. बेळगावची एक, पेडण्याच्या दोन, आडनावं परकी... सगळ्या आमच्याच!

नोंदी लिहिणाऱ्या पार्वतीबाईला बोलावलं. मान खाली घालील म्हटलं, तर उलट मलाच — ‘बाब, बायल कळांनी तळमळता, तेन्ना जात विचारूं काय उदक तापोवूं?’

संतापलो. खरं सांगायचं तर हसूही आलं, पण दाखवलं नाही. बैठकीत हिला काढूनच टाकतो. त्याआधी ही लबाडी कधी सुरू झाली ते शोधणार. एकेक रजिस्टर मागे जाणार.

१० मार्च

एकोणसत्तर सालापर्यंत पोचलो. तेच! डोळे दुखताहेत. शालिनी चहा ठेवून गेली.

१२ मार्च

उद्या कलम काढायचा ठराव मीच मांडणार. पार्वतीबाईला कुणी हात लावायचा नाही.

चौसष्टचं रजिस्टर, तिसरीच नोंद. लक्ष्मी, आमोण्याची, मासळी विकणारी. ज्ञाती — ‘आमचीच’.

अक्षर अण्णांचं.