बहिणींच्या पुस्तकातली डाकण

१४ फेब्रुवारी
पुस्तक पुन्हा यामिनीच्या उशाखाली! आश्रमशाळेत गोष्टीचं एवढं एकच जाड पुस्तक, तेही कव्हर गेलेलं. म्हणून नाव नाही. आम्ही त्याला ‘बहिणींचं पुस्तक’ म्हणतो. त्यातल्या धाकटीला चेटकीण धुक्याच्या किल्ल्यात पळवते. मोठी महाभित्री, तरी डोंगर ओलांडून निघते. वाटेत तिला धैर्य सापडतं – नेमकं कुठं पडलेलं असतं ते लिहिलेलं नाही. डोंगर तर आम्हीही प्रत्येक सुट्टीत ओलांडतो. आमच्यावर कुणी पुस्तक लिहीत नाही!

माझी बहीण यामिनी पाचवीत, मी नववीत. ती म्हणते, ‘रिना, तू मोठी, म्हणजे शूर तूच.’ शौर्य वयावर मिळत असतं तर आमचे मुख्याध्यापक वाघ मारून आले असते.

१६ फेब्रुवारी
भूमिका मॅडमनी सगळ्यांना जमवून पुस्तक वाचून दाखवलं. मध्येच थांबून म्हणाल्या, ‘चेटकिणीला तुमच्या बोलीत काय म्हणतात गं?’ असं विचारलं की माझा हात आधी वर. म्हटलं, ‘डाकण.’ सगळ्या मुलींनी माना खाली घातल्या. मॅडम खूश. फळ्यावर लिहिलं : चेटकीण = डाकण.

मॅडमना काय माहीत! चेटकीण पुस्तकात राहते, टोकदार टोपी घालते. डाकण आमच्या घराच्या खालच्या अंगाला राहते. तिचं नाव दगूबाई. ती बापाची सख्खी बहीण, आमची फुई. दिवाळीनंतर गोकुळकाकाचे बैल मेले. बडव्याने, म्हणजे गावच्या भगताने, दाणे टाकून पाहिलं आणि फुईचं नाव घेतलं. तेव्हापासून तिच्या हातचं पाणीही कुणी घेत नाही. आम्हीही नाही. होळीआधी पंच बसणार आहेत – तिला गावाबाहेर काढायचं का, ते ठरवायला.

आणि ते बरोबरचं चिन्ह माझ्यामुळे फळ्यावर. फार वाईट वाटलं.

१७ फेब्रुवारी
यामिनी रुसली आहे. जेवणार नाही म्हणाली. स्वयंपाकाच्या तुळशीबाई ओरडल्या, ‘पुस्तक वाचीसन पोट भरस का वं पोरी?’ शेवटी यामिनी बोलली – ‘फुई चेटकीण, तर मग तिला किल्ला का नाही?’ मी तिचं ताट पुढे सरकवलं.

२० फेब्रुवारी
यामिनीने मॅडमना फुईचं सगळं सांगून टाकलं! मॅडम लालबुंद. ‘ही अंधश्रद्धा! शूर व्हा, विरोध करा!’ मी म्हटलं, होळीला चला ना मग आमच्याबरोबर. तर म्हणाल्या, पेपर काढायचे आहेत. जाताना स्कूटरचं लिंबू-मिरची नीट बांधून गेल्या.

२६ फेब्रुवारी
घरी. तळोद्याहून जीप, मग पायी. बापाला म्हटलं, फुई तुझी बहीण ना? ‘तू शिकलेली, तू गप्प राहा.’ न शिकलेले तर आधीच गप्प आहेत. (घरी सगळं पावरी बोलीत चालतं. मराठीत उतरवलं की बापही साहेबासारखा वाटतो.)

२८ फेब्रुवारी
होळीआधीचा भोंगऱ्या बाजार. ढोल, पावरी वाद्य, नवे कपडे, सगळं गाव खाली उतरलेलं. फुईसुद्धा आली, चांदी घालून! तिच्याभोवती गर्दी आपोआप बाजूला. ती गूळ आणि दाळ्या-फुटाणे घेऊन एकटीच उभी.

यामिनी सरळ तिच्यापुढे गेली. ‘फुई, भूक लागली.’ फुईने आजूबाजूला पाहिलं. मग ओंजळीत दाळ्या दिल्या. यामिनीने सगळ्यांदेखत खाल्ल्या, वर गूळही मागितला. आईने धावत जाऊन तिला थोबाडीत दिली. गर्दीतली जमनाबाई मोठ्याने म्हणाली, ‘डाकणीची विद्या दिली हिला! खाण्यातूनच देतात!’

मी कुठे होते? मोठ्या ढोलाच्या मागे. धैर्य तिथेही पडलेलं नव्हतं.

१ मार्च
यामिनीला काहीच झालं नाही. तीच पंचाईत! आजारी पडली असती तर म्हणाले असते, फुईने खाल्लं. ठणठणीत आहे, म्हणून म्हणतात, विद्या शिकली. सकाळपासून शेजारची पोरं तिच्याशी खेळायला आली नाहीत. ती अंगणात एकटीच पुस्तक वाचत बसली. मला भीती वाटते. खूप.

२ मार्च
सकाळीच पंच बसले. गोकुळकाका उभा राहिला. ‘आधी एक होती. आता गावात डाकणी दोन झाल्या.’ बापाची मान खाली. यामिनीने फुईचा हात धरलेला. मी बायकांमधून उठले. फुईच्या तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायले आणि म्हटलं, ‘तीन.’