कॅमेऱ्याने पास केलेला फ्रीज

दीपेश,

दुपारी दोन. आईची साखर फार वाढली आहे, तिला महाडच्या दवाखान्यात नेते आहे.

उष्णता दाखवणारा कंपनीतला कॅमेरा लावून तू म्हणालास, कॉम्प्रेसर गरम आहे, म्हणजे फ्रीज ठीक आहे. "फ्रीजचा फोटू काढतोस, माझा नाय काढलास कधी!" म्हणून आई तुला चिडवत होती. कॉम्प्रेसर चालतोच आहे, पण आत गारवा नाही. दूध रोज नासत होतं, त्याचा दोष आपण उन्हाळ्याला दिला. तिचं इन्शुलिन त्याच फ्रीजमध्ये होतं.

त्या बाटल्या फेकू नकोस, डॉक्टरांना दाखवायला घेऊन ये. फ्रीज उघडून बघायला बिरवाडीच्या मेकॅनिकला बोलाव.

आई हाकेला ओ देते, पण मला चिमामावशी समजते आहे.

सोनाली