तिसऱ्या पिढीची पाटी

मंगळवार, १९ तारीख

दादास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. वहिनीच्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. तिला म्हणावं, जिने कमी कर आणि दुखणं अंगावर काढू नकोस. इकडे हवा बरी आहे. माझी तब्येतही बरी आहे, जेवण मात्र जात नाही. अंडं तर बघवतसुद्धा नाही. अंडी उबवायच्या हॅचरीत जन्म गेलेल्या बाईने हे लिहावं म्हणजे हसशील, पण तसं आहे खरं.

पाकिटावरचा पत्ता पाहून चकित झाला असशील. मी आता शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत राहते. खाली दिवसभर मशीन चालतं, त्याचा आवाज मला बरा वाटतो. समारंभाच्या एकाही फोटोत मी कशी नाही, असं तू विचारलंयस. मी होते, मागच्या खुर्च्यांवर. फोटो काढणाऱ्याला पुढचीच माणसं दाखवून ठेवली होती.

समारंभ छान झाला म्हणतोस, तर छानच झाला म्हणायचं. मंडप होता, खाद्यवाले व्यापारी होते, दूरदूरचे पिल्लं नेणारे लोक होते. बाबांनी नव्या पाटीवरचा पडदा ओढला. पाटीवर काय लिहिलंय ते तू फोटोत वाचलंच असशील. 'तिसऱ्या पिढीचा विश्वास.' पाटी चमकते मस्त.

मला 'पिढी' या शब्दाचाच वीट आलाय, दादा. गेलं वर्षभर घरात दुसरं काही बोलणंच नव्हतं. जेवताना बाबा म्हणायचे, पिढी पुढे न्यायची आहे. नोकर उशिरा आला की म्हणायचे, ही पिढीच कामचुकार. मशीन विकणारा आला तो म्हणाला, साहेब, ही चौथ्या पिढीची उबवणपेटी, स्वतःच विचार करते. आणि तुझा चिमण, आमच्या पिढीला असं चालत नाही, तसं चालत नाही. आपल्या धंद्यात निदान हा शब्द सरळ आहे. कोंबड्यांच्या आईबापांची पिढी एका फार्मवर, आजाआजींची दुसऱ्या, अंडी तिसरीकडे, आणि कुणी कधी आपल्या पिल्लाचं तोंड बघत नाही. जास्त भानगड नाही.

तू चिमणला इकडे पाठवलंस तेव्हा मला एका शब्दाने विचारलं नाहीस. बाबांशी तुझा अबोला किती वर्षांचा, आणि तो सुटला कशावर, तर पोरगा द्या नि झालं गेलं विसरू. मला हे कळलं ते त्याची बॅग दारात उतरली तेव्हा. तरी तो आला आणि मला आवडला, हे खोटं नाही सांगत. आळशी आहे, पण गोड आहे. पहिल्या आठवड्यात फुटक्या कवचातून बाहेर यायला धडपडणारं पिल्लू बघून दोन्ही हात तोंडावर धरून उभा राहिला होता. मी म्हटलं, मदत करू नकोस, त्याचं त्याला येऊ दे. तर म्हणाला, आत्या, मग आपण इथे कशाला आहोत?

आता जे सांगायचं ते सांगते. तुला बाबांनी फोनवर 'थोडं नुकसान झालं, मिस्त्रीचा हलगर्जीपणा' एवढंच सांगितलंय, हे तुझ्या पत्रावरून दिसतंच आहे.

त्या दिवशी मी फार्मवर गेले होते, कोंबड्यांना सर्दी धरली होती म्हणून. हॅचरीत चिमण होता आणि समारंभासाठी व्हिडिओ काढणारे दोघं. मिस्त्रींना बाबांनी गावात पिटाळलं होतं, तीच पाटी आणायला. मिस्त्री म्हणजे आपले जनरेटरवाले, तू त्यांच्या खांद्यावर बसून पेरू पाडायचास ते. वीज गेली की जनरेटर आपोआप सुरू व्हावा, म्हणून त्याचा खटका कायम एकाच बाजूला असतो. त्या खटक्याला मिस्त्रींशिवाय कुणी हात लावत नाही, मीही नाही.

मी परतले ती चारच्या सुमाराला. फाटकातून आत आले आणि पाय थांबले. आवाज नव्हता. आपल्याकडे कधीच शांतता नसते रे, पंखे घरघरत असतात, झोपेतसुद्धा ते कानात असतात. मी धावत गेले आणि पहिल्या पेटीचं दार उघडलं.

बाहेर आलेली वाफ तोंडावर बसली. ओल्या पिसांचा आणि शिजल्याचा वास. शेवटच्या दिवसांतली अंडी स्वतःच ऊब तयार करत असतात, हे तुला आठवत असेल. पंखा थांबला की ती एकमेकांना भाजतात. निघायच्या पेटीतली पिल्लं तर अर्धी बाहेर आलेली होती. चोच बाहेर, अंग आत. काही अजून हलत होती. मी हाताने कवचं सोलत बसले. ज्याला मदत करू नये म्हणून मीच शिकवलं होतं, त्यालाच मदत करत बसले, आणि त्याने काही झालं नाही.

पुढचे दिवस आम्ही मेलेली पिल्लं पुरायचा खड्डा भरत होतो. पोती ओढताना खालून गळायचं. मला वास सांगता येत नाही, आणि सांगूही नये. कामाच्या बायका तोंडाला फडकी बांधून रडत होत्या, आणि एक म्हणाली, ताई, आमच्याकडे मयत झालं तरी एवढं वाईट वाटत नाही. मी तिला रागावले. आता वाटतं, उगाच रागावले.

बाबांनी पंचायत भरवली ती वीज गेली त्याच संध्याकाळी, अंगणात खुर्ची टाकून. खटका बंद होता, हे सगळ्यांनीच पाहिलं होतं. मिस्त्री म्हणाले, मी निघालो तेव्हा चालू होता. बाबा म्हणाले, वय झालं तुमचं, विसरलात. मिस्त्री पुन्हा म्हणाले, चालू होता. बाबांनी आवाजसुद्धा चढवला नाही. उद्यापासून येऊ नका, एवढंच म्हणाले आणि उठून आत गेले. मिस्त्री माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे तेव्हा सांगण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी खाली बघितलं.

तिसऱ्या दिवशी खड्ड्यापाशी चिमण ओकला. मी त्याला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, वासाने. तो तसाच वाकून बसला आणि म्हणाला, "आत्या, खटका मी बंद केला होता."

व्हिडिओत जनरेटरचा आवाज येऊ नये म्हणून. त्या दिवशी जनरेटर आठवड्याच्या चाचणीसाठी आपोआप सुरू होणार होता ना. नंतर चालू करायचं डोक्यातून गेलं. वीज गेल्याची घंटा वाजली तेव्हा तो त्या दोघांना सोडायला रस्त्यापर्यंत गेला होता, आणि त्यांच्याबरोबर चहाला बसला.

दादा, इथवर असतं तर मी तुला हे पत्र लिहिलं नसतं. चूक झाली. भयंकर झाली, पण चूक. बावीस वर्षांच्या पोराकडून होते. मी त्याला म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता आजोबांना सांगू.

तो म्हणाला, "त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलंय. पंचायत बसायच्या आधी."

मला आधी कळेचना तो काय म्हणतोय ते. मग कळलं. म्हणजे बाबा खुर्चीवर बसले, मिस्त्रींना समोर उभं केलं, दोनदा त्यांचं 'चालू होता' ऐकलं, आणि खरं काय ते त्यांना आधीच ठाऊक होतं. चिमणला ते म्हणाले होते, हे तू मला सांगितलंस ते बरं केलंस, आता दुसऱ्याला सांगायचं नाही. धंदा चालवायला पोट मोठं लागतं.

मी तशीच बाबांकडे गेले. अंगाला तो वास होता, हातसुद्धा धुतले नव्हते. ते हिशोबाला बसले नव्हते की झोपले नव्हते, समारंभाला कोणता कोट घालावा ते आरशात बघत होते. मी म्हटलं, मिस्त्रींना परत बोलवा आणि सगळ्यांसमोर खरं सांगा. ते कोटाची बटणं लावत राहिले. म्हणाले, बोलावू, सावकाश बोलावू, समारंभ तेवढा होऊ दे. पिल्लं नेणाऱ्यांना आज कळलं की मालकाच्या नातवाने माल जाळला, तर उद्या दारात कोण येईल? मी म्हटलं, त्या माणसाचं काय? त्यांनी फार शांतपणे उत्तर दिलं.

"मिस्त्रीला दुसरी नोकरी मिळेल. मला दुसरा नातू कुठून मिळणार?"

मी म्हटलं, हॅचरी चालवायला नातूच कशाला हवा. दादा घर सोडून गेल्यापासून कोण चालवतंय?

त्यावर ते जे म्हणाले ते मी तुला लिहिणार नव्हते. पत्र सुरू करताना ठरवलं होतं की चिमणचं लिहायचं आणि थांबायचं. पण तू फोटोचं विचारलंस.

ते म्हणाले, "तू आहेसच की. तू घरची आहेस. पण तू पिढी नाहीस."

रागाने नाही रे. उलट समजावणीच्या सुरात. आणि वर म्हणाले, जा, आधी अंघोळ कर, वास येतोय.

मी अंघोळ केली. खूप वेळ केली. आई असती तर हे वाक्य ऐकून ती काय म्हणाली असती, याचा विचार करत होते, आणि मग लक्षात आलं की तिने ते आयुष्यभर ऐकलं असणार.

समारंभ झाला. चिमणने भाषण केलं. कागद बाबांनी लिहून दिला होता, पण वाचून दाखवलं नाही, पाठच केलं होतं. मध्ये त्या घटनेचा उल्लेख आला. एका जुन्या कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे, असं म्हणाला. तीन दिवस अन्न न गेलेलं ते पोर, जीभ अडखळलीसुद्धा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तेव्हा जी किळस आली ना, ती खड्ड्यापाशीही आली नव्हती. मेलेल्यांचा वास धुऊन तरी जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिस्त्रींकडे गेले. त्यांनी नोकरी परत मागितली नाही. एवढंच म्हणाले, ताई, माझ्या हाताखाली शिकलेली पोरं तिथे आहेत, त्यांना तेवढं सांगा की मी विसरलो नव्हतो. मी परत आले, सगळ्या कामगारांना अंड्यांच्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं. मिस्त्रींनी खटका चालूच ठेवला होता, तो बंद केला चिमणने. चिमण तिथेच होता. दारात बाबा येऊन उभे राहिले होते. मी चिमणला म्हटलं, तू मला जे सांगितलंस ते सांग यांना.

तो आधी माझ्याकडे बघत होता. मग त्याने दाराकडे पाहिलं. आणि म्हणाला, आत्याला त्या दिवसापासून झोप नाही, ती काहीतरी गैरसमज करून घेतेय.

कामगार एकेक करून कामाला लागले. पण त्यांना कळलं होतं, कारण जाताना एकही जण चिमणकडे बघत नव्हता. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आपल्या लहानपणी तुझ्या खांद्यावर ठेवायचे तसाच. तू त्या हाताखालून निसटलास म्हणून मी तुला इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या दिल्या. आता देत नाही. पण स्वतः निसटल्यावर आपलं पोर त्याच हाताखाली आणून उभं करायचं, याला मी काय म्हणू?

मी संध्याकाळी कपडे भरले आणि निघाले. बाबांनी अडवलं नाही, त्यांना वाटतंय मी महिन्याभरात परत येईन. पलीकडच्या शहरातल्या एका छोट्या हॅचरीत मला काम मिळालंय. जागा जुनी आहे, मशीन जुनं आहे, मालकीण स्वतः अंडी लावते. तिला मिस्त्रींबद्दल बोलले. ते परवापासून येताहेत.

आणि एक. काल चिमण इथे आला होता. दाराबाहेरच उभा राहिला. मी आत ये म्हटलं नाही, खोटं कशाला सांगू, मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. तो म्हणाला, मी मिस्त्रींच्या गल्लीपर्यंत गेलो होतो. मी विचारलं, मग? म्हणाला, ते कपडे वाळत घालत होते, मी वळून आलो. त्याचा चेहरा पार उतरला होता. मी त्याला म्हटलं, पुन्हा जा. तो 'हो' म्हणाला, पण ज्या तऱ्हेने म्हणाला त्यावरून गेला नसणार.

म्हणून लिहितेय. त्याला अजून वळून यायला लाज वाटते. वर्षभराने वाटणार नाही, आणखी थोड्या दिवसांनी तो त्या गल्लीकडे जाणारही नाही. तू ये आणि त्याला घेऊन जा. बाबा रागावतील, पुन्हा बोलणं टाकतील, टाकू देत. जायच्या आधी मात्र त्याला मिस्त्रींच्या दारात उभा कर, आणि तूही त्याच्या शेजारी उभा राहा. त्याला बोलायला वेळ लागला तर लागू दे. तू त्याच्या वतीने बोलू नकोस.

हे पत्र वहिनीला वाचायला दे. पोर तिचंही आहे. तिच्यापासून लपवलंस तर मला पुन्हा पत्र पाठवू नकोस.

दरवेळी मी शेवटी घरच्या सगळ्यांचा नमस्कार कळवते. या वेळी हा नमस्कार एकटीचाच आहे, तेवढाच धरून चाल.

तुझी
धाकटी